बी.पी.एड.ची मुलगी, चार पानी सीव्ही आणि गच्चीवरची बॅच: सोलापुरातलं एक प्रकरण

मुलगी पूर्व भागातली. घरात तेलुगू, वडील टॉवेलच्या कारखान्यात लूमवर, आई घरी विड्या वळते. ती स्वतः कबड्डीची, लेफ्ट कॉर्नर, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळलेली, बी.ए. करून बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला आली. नाव इथं देत नाही, त्याची गरजही नाही. आमच्या डिपार्टमेंटला शेवटच्या सेमिस्टरची पोरं जॉबचं विचारायला येतात तशी ती जानेवारीत आली, गावात गड्डा यात्रा चालू होती, अर्धा वर्ग गायब, आणि ही एकटी फाईल घेऊन दारात.

तिची तक्रार सरळ होती. चार-पाच जिमला आणि दोन शाळांत सीव्ही दिला, एकाचाही फोन नाही. "सर, वशिला लागतो हो, आपल्याला कोण घेतंय." सोलापुरात हे वाक्य इतकं ऐकू येतं की त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, मी म्हटलं आधी सीव्ही तरी दाखव.

चार पानं. पहिल्या पानावर ऑब्जेक्टिव्ह, तेच ते नेटवरनं उचललेलं, आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीत वाटा उचलायचा आहे वगैरे. मग धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय. मग सातवीतल्या लिंबू-चमच्यापासूनची सगळी सर्टिफिकेटं तारखेवार. आणि सगळ्यात शेवटी छंद: वाचन, संगीत. आता जिमचा मालक किंवा मॅनेजर हे बघतो तेव्हा त्याच्या डोक्यात दोनच प्रश्न असतात, ही सकाळी सहाला दार उघडायला येईल का, आणि नवीन आलेला मेंबर हिच्या हाताखाली दुखापत न होता तीन महिने टिकेल का. चार पानांत या दोन्हीचं उत्तर कुठंच नव्हतं.

पण सीव्हीच्या आधी दुसरा घोळ होता. जॉब नेमका कुठला पाहिजे हेच घरात ठरलेलं नव्हतं. वडिलांना शाळेतली नोकरी हवी, पगार कमी चालेल पण "मास्तरीण" म्हणायला पाहिजे. तिला पुण्यातली मोठी चेन जिम. आईचं म्हणणं एवढंच की रात्री आठच्या आत घरी. तिन्ही बरोबरच होते, फक्त एका सीव्हीत तिन्ही मावत नव्हते.

म्हणून पहिले दोन आठवडे अर्ज बंद, नुसतं समजून घेणं. बी.पी.एड. ही दोन वर्षांची पदवी एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या मान्यतेची, म्हणजे मुळात शिक्षक बनवणारी. अनुदानित शाळेची वाट शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरनं जाते, आणि ती चाचणी २०१७ ला झाली त्यानंतर थेट २०२३ ला झाली, त्यामुळं जाहिरात येईल तेव्हा फॉर्म भरायचाच पण तिच्या भरवशावर घर चालवायचं नाही. प्रायव्हेट शाळा स्वतःच मुलाखत घेतात, तिथं बी.पी.एड. चालते. खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे, पण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नुसतं खेळल्याच्या कागदावर ते मिळत नाही, हे तिला कोणी स्पष्ट सांगितलंच नव्हतं, ती ते धरून चालली होती. कोच व्हायचं तर पतियाळाची एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ पासूनची, तिथला सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो आणि मोठा डिप्लोमाही, पण ते एका खेळाचं कोचिंग झालं. योगाकडे जायचं तर आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची लेव्हलवाली परीक्षा.

आणि जिम. इथं सगळ्यात जास्त गोंधळ, कारण बी.पी.एड.ला अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, कायनेसिऑलॉजी सगळं शिकवतात तरी मोठ्या जिमला पर्सनल ट्रेनरचं वेगळं सर्टिफिकेट लागतं. एक एसीई, एसीएसएम, एनएएसएम अशा अमेरिकन संस्थांची, एक आपली स्किल कौन्सिलची, स्पोर्ट्स, फिजिकल एज्युकेशन, फिटनेस अँड लेझर स्किल्स कौन्सिल, तिच्यात फिटनेस ट्रेनरचा जॉब रोल आहे. एसीईची परीक्षा १५० प्रश्नांची, तीन तासांची, इंग्रजीत, आणि फी डॉलरमध्ये. तिला कोणीतरी दोन दिवसांचा "इंटरनॅशनल डिप्लोमा" विकायला बघत होतं, हॉलमध्ये लेक्चर, संध्याकाळी फोटो आणि फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. मी म्हटलं एकच विचार, परीक्षा कोण घेतं आणि नापास कोण होतं का. कोणी नापास होत नाही म्हटल्यावर विषय संपला.

ठरलं असं. एसीई पुढं, पगार सुरू झाल्यावर. स्किल कौन्सिलचं असेसमेंट परीक्षा संपल्यावर. आणि लगेच, त्याच महिन्यात, सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायचा उपचार) आणि फर्स्ट एड. यावर तिच्या मैत्रिणी हसल्या, जिमचा जॉब आणि हार्ट अ‍ॅटॅकचा कोर्स कशाला करायलीस म्हणून. पण एसीईसाठीसुद्धा चालू सीपीआर सर्टिफिकेट लागतं, म्हणजे ते तसंही करायचंच होतं, आणि सोलापुरातल्या किती ट्रेनरच्या सीव्हीवर ते असतं हे तुम्हीच जाऊन बघा. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती निदान पाच सेंटीमीटर खाली, तीस दाब दोन श्वास. पुतळ्यावर करताना तिला घाम फुटला, कबड्डी खेळणाऱ्या पोरीला. दर दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस बदलावा का लागतो ते तिथं कळलं.

आता बॅचचं. या सगळ्यात कामाला आलं ते हेच, म्हणून जरा सविस्तर.

अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रत्येक फ्रेशरचा प्रश्न. इंटर्नशिप म्हणून शाळेत पाठ घेतले होते, ते सगळ्यांनीच घेतलेले असतात. मी विचारलं की तुझ्या गल्लीत व्यायामाची गरज असलेली माणसं कोण आहेत. ती म्हणाली कोणीच नाही, सगळ्या बायका विड्या वळतात. आणि मग स्वतःच थांबली. मांडीवर सूप, मान खाली, तासन् तास एकाच जागी, मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं त्यामुळं उठायचं नाव नाही. मान, खांदे, कंबर, गुडघे, सगळं आईच्या तोंडून रोज ऐकलेलं. हीच तिची पहिली बॅच.

गच्चीवर, सकाळी सहा ते पावणेसात, आठवड्यातनं चार दिवस, फुकट. वेळ मुद्दाम सहाची, फेब्रुवारीपासनंच आपल्याकडं ऊन तापतं, आणि एप्रिलमध्ये ४० च्या पुढं गेल्यावर आठला गच्चीवर पाय ठेवता येत नाही. पहिल्या दिवशी अकरा बायका, दुसऱ्या आठवड्यात सहा. ती खचली. मी म्हटलं ही गळतीच तुझा अभ्यास आहे, ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी जाऊन विचार. उत्तरं साधी होती. एकीला खाली झोपून उठताना साडीचा त्रास, एकीला "उड्या मारायला लाज वाटते", एकीचं नळाचं पाणी त्याच वेळेला येतं. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं तेव्हा पाण्याच्या दिवशी बॅच ठेवणं म्हणजे स्वतःच बॅच बंद करणं. वेळापत्रक पाण्यावर बसवलं, झोपून करायचे प्रकार काढले, खुर्ची आणि भिंत एवढ्यावर सगळं आणलं. खुर्चीतनं उठ-बस, भिंतीवर पुशअप, हनुवटी मागं ओढणं, खांद्याची पाती जवळ आणणं, कंबरेतनं वाकायची योग्य पद्धत, शेवटी चालणं. आकडा परत दहावर गेला.

सुरुवातीला प्रत्येकीला पार-क्यूचे, म्हणजे व्यायामाआधी तब्येत तपासायच्या फॉर्मचे सात प्रश्न, छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपी-हृदयाची गोळी चालू आहे का, असे. फॉर्म इंग्रजी, बायका तेलुगू, त्यामुळं हिनं तोंडी विचारून वहीत लिहिलं. डिपार्टमेंटचं बीपी मशीन नेलं होतं. पहिल्याच आठवड्यात एका मावशींचं वरचं रीडिंग १८० च्या पुढं आलं, पाच मिनिटं बसवून परत घेतलं तरी तेच. मावशी म्हणतायत मला काही होत नाही, चल सुरू कर. हिनं त्यांना व्यायामाला घेतलं नाही, महापालिकेच्या दवाखान्यात पाठवलं, स्वतः सोबत गेली. गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तीन आठवड्यांनी त्या बॅचला आल्या. ही एक गोष्ट पुढं मुलाखतीत किती कामाला येणार आहे हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

आणि वही. मी तिला एकच सक्ती केली, वही पाहिजे. वय, बीपी, तक्रार, किती दिवस आली, आणि तीस सेकंदांत खुर्चीतनं हात न टेकता किती वेळा उठते. ही चाचणी मुळात साठीच्या पुढच्यांसाठी बनवलेली, ६० ते ६४ वयाच्या बायकांना त्यात साधारण १२ ते १७ वेळा जमायला पाहिजे असं धरतात. हिच्या बॅचमधल्या चाळिशीतल्या बायका सुरुवातीला नऊ-दहावर थांबत होत्या! आठ आठवड्यांनी बहुतेक जणी तेरा-चौदाच्या पुढं. मान दुखायची थांबली असं कुठंही लिहायचं नाही हे मी बजावलं, कारण दुखणं बरं करणं ट्रेनरचं काम नाही, ते फिजिओचं आणि डॉक्टरचं. किती वेळा उठली ते मोजलंय, तेवढं लिही.

नवीन सीव्ही एक पान झाला. वर नाव, फोन, राहण्याचा भाग, "सकाळी ५:३० पासून उपलब्ध, स्वतःची स्कूटी". ही ओळ वाचून कॉलेजातली पोरं हसतात पण जिमची शिफ्ट सकाळ-संध्याकाळ तुटक असते, सहा ते दहा आणि परत पाच ते नऊ, आणि मालकाची झोप उडते ती सकाळी ट्रेनर न आल्यामुळं. त्याखाली बॅचचं काम चार ओळींत आकड्यांसकट. मग सीपीआर, बी.पी.एड., कबड्डी एका ओळीत. आणि भाषा: मराठी, तेलुगू, हिंदी, कामापुरती कन्नड. जुन्या सीव्हीत भाषा नव्हत्याच, तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. या गावात अर्धे मेंबर घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, आणि गुडघा कसा दुखतो ते माणूस घरच्याच भाषेत नीट सांगतो.

मग मॉक इंटरव्ह्यू, आणि इथं बी.पी.एड.चा खरा अडथळा दिसला. आपण यांना दोन वर्षं काय शिकवतो, तर शंभर पोरांपुढं उभं राहून ऑर्डर द्यायला. सावधान, विश्राम, एक साथ. आवाज खणखणीत. आमच्या ऑफिसमधल्या काकूंना मी क्लायंट म्हणून बसवलं, वय बावन्न, शुगर, गुडघे दुखतात, हे सगळं खरंच होतं त्यांचं. मुलगी समोर आली आणि म्हणाली, "वॉर्मअप! जागेवर धावा!" काकू म्हणाल्या, "अगं बाई, धावता येत असतं तर तुझ्याकडं कशाला आले असते." सगळे हसले, तीही हसली, पण मुद्दा तिथंच होता. गच्चीवर आईच्या मैत्रिणींशी ती इतकी छान बोलायची, आणि "मुलाखत" म्हटल्यावर आत बसलेला पीटीचा सर बाहेर यायचा.

काकूंनी त्यानंतर रोज दुपारी डब्यानंतर तिला पंधरा मिनिटं दिली, फुकट, वर शिव्याही दिल्या. आधी बसून बोलायचं. शेवटचा व्यायाम कधी केला होता, काय जमायचं, कशाची भीती वाटते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन आहे का, खाऊन आलात का, कारण शुगर ७० च्या खाली गेली तर घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होतं, तेव्हा व्यायाम थांबवून पंधरा ग्रॅम साखर आणि पंधरा मिनिटं थांबून परत तपासणी. बीपीची काही औषधं नाडीचा वेग दाबून ठेवतात, तिथं २२० वजा वय हे गणित फसतं, मग बोलत-बोलत व्यायाम होतोय का हे बघायचं, वाक्य तुटायला लागलं की जोर कमी. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही. शेवटी एकदम थांबवायचं नाही, पाच मिनिटं हळू चालायचं. हे सगळं तिला पेपरात लिहिता येत होतंच, तोंडातनं समोरच्या माणसाला कळेल असं येत नव्हतं, आणि मुलाखतीत बघतात ते तोंडातलं.

एक प्रश्न मी मुद्दाम टाकला होता, आमच्या काउंटरवरची प्रोटीन पावडर मेंबरला विकशील का. नवीन पोरं एकतर हो-हो करतात किंवा तत्त्वज्ञान सांगतात. तिचं उत्तर तयार करताना आम्ही बराच वेळ घालवला. शेवटी ती म्हणायची की लेबलवर एफएसएसएआयचा लायसन्स नंबर असेल तर माहिती देईन, पण किडनीचा त्रास किंवा शुगर असलेल्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय देणार नाही, आणि आधी ताटात काय आहे ते विचारीन. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, एखादं अंडं, डाळ दाट. विडी वळणाऱ्या बाईला ब्रोकोली सांगणाऱ्या ट्रेनरचा मला फार राग आहे, असो.

मे महिन्यात परीक्षा संपली आणि अर्ज गेले. तीनच ठिकाणी, पण प्रत्येक ठिकाणी आधी स्वतः जाऊन बघून. नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकून सोलापुरात जॉब मिळत नाही, मॅनेजर रिकामा असतो दुपारी बारा ते चार, तेव्हा जायचं, संध्याकाळी सातला जाऊन सीव्ही दिला तर तो डंबेलच्या रॅकवर राहतो.

पुण्याच्या चेनचा पहिला राउंड ऑनलाइन, दुसऱ्याला पुण्यात बोलावलं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं गेली. फ्लोअरवर एका मेंबरला स्क्वॉट शिकवायला सांगितलं. मेंबरच्या टाचा उचलत होत्या. आधीची असती तर "टाचा खाली!" म्हणून ओरडली असती. तिनं पाय थोडे बाहेर घ्यायला लावले, मागं बॉक्स ठेवला, त्यावर बसून उठायला सांगितलं, आणि गुडघ्याचं काही जुनं दुखणं आहे का ते विचारलं. निवड झाली. मग कॉट बेसिसचं भाडं, मेस आणि बस धरून हिशोब केला तर निम्म्याहून जास्त पगार तिथंच जात होता, आणि पीटीचं, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगचं, कमिशन पहिल्या काही महिन्यांत नसल्यासारखंच कारण क्लायंट जमायला वेळ लागतो. ती दोन दिवस रडली. वडील म्हणाले जा, मी बघतो. गेली नाही. यावर आमच्या डिपार्टमेंटमध्ये अजून दोन मतं आहेत, एका मॅडमचं म्हणणं की मोठ्या फ्लोअरवर एक वर्ष शिकायला मिळालं असतं ते पैशात मोजू नये, आणि ते काही चूक नाही.

सोलापुरातल्या जिमची मुलाखत मालकानं स्वतः घेतली. सीव्हीवरची बॅच वाचून विचारलं, यात कोणाला काही झालं का. तिनं १८० वाल्या मावशींची गोष्ट सांगितली, वही काढून ते पान दाखवलं. मालकानं वही बराच वेळ चाळली. लेडीज बॅच, सकाळी सहा ते अकरा, लगेच ये म्हणाला.

पण अटी. ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करायची, पंधरा दिवस ट्रायल बिनपगारी, आणि बाहेर कुठंही ट्रेनिंग घ्यायचं नाही. तीनही अटी इथं सर्रास असतात आणि पोरं सही करून मोकळी होतात, पुढं जॉब सोडायचा तर बी.पी.एड.चं सर्टिफिकेट दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये. आम्ही आधी बसून ठरवलं होतं कशावर ताणायचं आणि कशावर सोडायचं. ओरिजिनल दाखवीन, कॉपी देईन, जमा करणार नाही, यावर अजिबात माघार नाही. ट्रायल तीन दिवसांची, त्यापुढं पगार. बाहेरच्या ट्रेनिंगचं तिनं स्वतःच सुचवलं की जिमच्या कुठल्याही मेंबरला बाहेर शिकवणार नाही हे लिहून देते, पण माझी गल्लीतली बॅच चालू राहील. मालक आधी चिडला, म्हणाला आत्ताच एवढं तर पुढं काय करशील बे. दोन दिवसांनी फोन आला. पगाराची तारीख, पीटीतला वाटा आणि नोटीस पिरियड, सगळं एका कागदावर लिहून घेतलं, साधा कागद, दोघांच्या सह्या.

आता ती जूनपासून तिथं आहे. संध्याकाळी गच्चीवरची बॅच, आता बायका महिन्याला थोडे पैसे देतात, आईच जमा करते आणि आईच न देणाऱ्यांना सोडते. आठच्या आत घरी असते, कारण बॅच घरावरच आहे. एसीईसाठी वेगळं खातं उघडलंय. लेडीज बॅचमधल्या दोघी-तिघींनी तिला तेलुगूत बोलता येतं म्हणून मैत्रिणी आणल्या, मालकानं हे स्वतः मला सांगितलं.

तिसरा अर्ज होता तो शाळेचा. तेव्हा नाही म्हणाले होते, ऑगस्टमध्ये फोन आला की स्पोर्ट्स टीचर मध्येच सोडून गेलीय, पूर्ण वेळ येशील का, सकाळी साडेसात ते दोन. वडील खूश. पण वेळ थेट जिमवर येते. तिनं शाळेला उलट विचारलं की दुपारी अडीच ते चार, आठवड्यातनं तीन दिवस, मुलींची कबड्डी टीम घेऊ का, तासावर पैसे द्या. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या कमिटीला विचारते, दिवाळीनंतर बघू. वडील अजून तिच्याशी यावर नीट बोलत नाहीत.